उघड्या चाकांची गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र विभागात शिकवत होतो. निवृत्तीच्या आधीची काही वर्षं माझ्याकडे नेहमीच्या तासांशिवाय आणखी एक काम होतं. विद्यार्थी शर्यतीची गाडी बनवत, त्या गटाचा मी मार्गदर्शक होतो. मार्गदर्शक हा शब्द तसा मोठा आहे. मुलं रात्री वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करत असताना तिथं एखादं जाणतं माणूस असावं, त्यानं चहाचे पैसे द्यावेत आणि कागदांवर सह्या कराव्यात, एवढंच ते काम आहे असं मला सुरुवातीला वाटत होतं. त्या सह्यांबद्दल पुढे बोलणारच आहे.

पहिल्या वर्षी आमची गाडी कोइमतूरला न्यायला टेम्पो आला. ड्रायव्हर गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘सर, मडगार्ड बसवायचे राहिलेत का?’’ मुलं हसली. पण प्रश्न अगदी योग्य होता. आज आपण तिथूनच सुरुवात करू.

लांब नाक, मध्ये एकच माणूस मावेल एवढी जागा, त्याच्या पाठीमागे इंजिन आणि चारही चाकं अंगाबाहेर काढलेली, अशी गाडी तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत या गाड्यांचे मोठमोठे फोटो येत. ‘फॉर्म्युला’ म्हणजे इथं गणिताचं सूत्र नव्हे, तर नियमांची वही. गाडी केवढी असावी, इंजिन केवढं असावं, वजन किती असावं, हे त्या वहीत लिहिलेलं असतं. विद्यार्थ्यांसाठीही अशी एक वही आहे. अमेरिकेत १९८१ साली ‘फॉर्म्युला एसएई’ या नावानं ही स्पर्धा सुरू झाली, १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये ‘फॉर्म्युला स्टुडंट’ आली. आपल्याकडे २०११ पासून ‘सुप्रा’ आणि नंतर कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणारी ‘फॉर्म्युला भारत’ अशा स्पर्धा मुलांच्या ओळखीच्या झाल्या. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांचे संघ त्यात उतरतात. चाकण इथं तयार होणाऱ्या केटीएम मोटारसायकलचं ३७३ सीसीचं इंजिन आपल्याकडच्या बऱ्याच संघांच्या गाड्यांत बसवलेलं दिसतं. आता विजेवर चालणाऱ्या गाड्यांचाही वेगळा गट असतो.

आता मडगार्ड. सुरुवातीच्या काळात लोक रस्त्यावरचीच गाडी शर्यतीला नेत आणि वजन कमी करायला मडगार्ड, दिवे, जे निघेल ते काढून ठेवत. पुढे हाच प्रकार नियमात बसला. उघड्या चाकांचे फायदे आहेत. ब्रेकला वारा लागतो, टायर चटकन बदलता येतो आणि पुढचं चाक वळणाच्या कडेला नेमकं कुठं आहे हे ड्रायव्हरला बसल्या जागेवरून दिसतं.

तोटेही आहेत. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणाऱ्या गाडीच्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी जमिनीच्या मानानं स्थिर असतो, तर सगळ्यात वरचा भाग ताशी १२० किलोमीटरनं पुढे जात असतो. म्हणजे उघड्या चाकाचा माथा गाडीच्या दुप्पट वेगानं वाऱ्यावर आपटत असतो. त्यामुळे या गाड्यांना वाऱ्याचा विरोध भरपूर होतो.

दुसरा तोटा जिवाशी खेळणारा आहे. दोन गाड्या एकामागोमाग चालल्या आहेत असं समजा. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाची पाठीमागची बाजू फिरताना वर जात असते. मागच्या गाडीच्या पुढच्या चाकाची समोरची बाजू खाली येत असते. ही दोन चाकं एकमेकांना टेकली, तर मागचं चाक पुढच्या चाकावर अक्षरशः चढतं आणि गाडी हवेत उडते. झाकलेल्या चाकांच्या गाड्या एकमेकींना घासतात, पत्रा चेपतो, आणि बहुतेक वेळा त्यावर निभावतं. इथं तशी सोय नाही.

आता गाडी पळते कशी, यापेक्षा वळते कशी हे बघू, कारण शर्यत वळणावर जिंकली जाते. गाडीचा जमिनीशी संबंध फक्त चार ठिकाणी येतो, आणि प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढं असतं. वेग वाढवणं, थांबणं, वळणं, सगळं या चार तळहातांच्या जोरावर. ते जमिनीवर जितके घट्ट दाबून राहतील तितकी गाडी ताब्यात राहील. त्यांना दाबून ठेवण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग वाऱ्याचा. विमानाचा पंख उलटा करून बसवला की तो गाडीला उचलण्याऐवजी खाली दाबतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा ६० च्या वेगाला पंखानं ५० किलोचा भार दिला, तर १२० च्या वेगाला तोच पंख २०० किलोचा भार देईल. पण ३० च्या वेगाला जेमतेम साडेबारा किलो. म्हणजे ड्रायव्हर घाबरून सावकाश गेला तर पंख त्याची साथ सोडतो.

दुसरा मार्ग चाकांच्या वजनाचा. गाडीचं धूड स्प्रिंगवर तोललेलं असतं. पण टायर, रिम, चाकातला ब्रेक हे सगळं स्प्रिंगच्या खाली असतं. चाक जड असेल तर खड्ड्यातून उसळल्यावर ते पुन्हा जमिनीवर यायला वेळ लावतं, आणि तेवढा वेळ तो तळहात जमीन सोडून असतो. पायात गमबूट घालून दोरीवरच्या उड्या मारून बघा, म्हणजे लगेच पटेल. त्यामुळे शर्यतीच्या गाडीत प्रत्येक ग्रॅमचा हिशेब असतो, आणि चाकाजवळच्या ग्रॅमचा दुप्पट कडक.

हलकेपणाचा हा ध्यास ज्या माणसाच्या नावाशी कायमचा जोडला गेला, तो म्हणजे इंग्लंडच्या लोटस कंपनीचा संस्थापक कोलिन चॅपमन. त्यानं १९६२ साली लोटस २५ ही गाडी आणली. तोपर्यंत फॉर्म्युला वनच्या बहुतेक गाड्या लोखंडी नळ्या जोडून केलेल्या सांगाड्यावर उभ्या असत. चॅपमननं सांगाडा काढून टाकला आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, होडीसारखं एकसंध अंग तयार केलं. ते नळ्यांच्या सांगाड्यापेक्षा हलकं आणि कितीतरी अधिक ताठ होतं. ड्रायव्हरला त्यानं आरामखुर्चीत रेलावं तसं मागे रेलून बसवलं, म्हणजे वाऱ्याला अडवणारी गाडीची उंची कमी झाली. जिम क्लार्कनं १९६३ मध्ये याच गाडीतून दहापैकी सात शर्यती जिंकून जगज्जेतेपद मिळवलं. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये चॅपमन आणखी पुढे गेला. इंजिन गाडीत ठेवण्याऐवजी त्यानं इंजिनालाच गाडीचा मागचा भाग बनवलं. पुढचं अंग इंजिनाला बोल्टनं जोडायचं आणि मागची चाकं इंजिन-गिअरबॉक्सला लटकवायची. तेवढा सांगाडा वाचला. ही पद्धत आजही चालते.

पण याच वाटेवर माणसं दगावली. १९६८ मध्ये पंख आले. लोटसनं ते उंच, बारीक काठ्यांवर बसवले. मे १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या लोटसच्या दोन्ही ड्रायव्हरांचे पंख एकाच ठिकाणी मोडले आणि दोन्ही गाड्या आदळल्या. दोघंही वाचले. रिंटनं नंतर चॅपमनला पत्र लिहून गाडीचे कमकुवत भाग मजबूत करण्याची मागणी केली. पुढच्या वर्षी लोटस ७२ आली. तिच्यात पुढचे ब्रेक चाकांतून काढून गाडीच्या अंगात आणले होते आणि एका दांड्यानं ते चाकाला जोडले होते. कारण तेच, चाकाजवळचं वजन कमी करायचं. रिंटनं त्या वर्षी पाच शर्यती जिंकल्या. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा इथं सरावात, लांब सरळ पट्टा संपून वळण येण्याआधी त्यानं ब्रेक दाबला आणि गाडी एकदम बाजूला वळून कठड्यावर गेली. पुढच्या उजव्या ब्रेकचा दांडा तुटला होता. कठडाही नीट बसवलेला नव्हता. रिंट वाचला नाही. मोसमाच्या शेवटापर्यंत त्याच्या गुणांच्या पुढे कुणी जाऊ शकलं नाही, आणि मृत्यूनंतर जगज्जेता ठरलेला तो आजवरचा एकमेव फॉर्म्युला वन ड्रायव्हर आहे.

ही गोष्ट मी दरवर्षी नव्या संघाला सांगत असे. वर्ग शांत होई. मलाही वाटे, आपण शिकवलं. पण सांगणं आणि शिकवणं यांत केवढं अंतर आहे, हे मला एका वर्षी कळलं.

त्या वर्षी आमची गाडी ठरवलेल्या वजनापेक्षा १७ किलो जास्त भरली. मुलं बेचैन झाली. सीटची पट्टी काप, जादा बोल्ट काढ, असं सुरू झालं. स्पर्धेच्या नियमात एक कलम आहे : ब्रेकच्या पेडलनं २००० न्यूटन, म्हणजे साधारण २०० किलोचा भार न मोडता सोसला पाहिजे. रोजच्या ब्रेकला याच्या कितीतरी कमी जोर लागतो. मग एवढा आकडा कशाला? कारण घाबरलेला माणूस पाय हळूच ठेवत नाही, अंगातला सगळा जोर लावून दाबतो. दुसरं असं, की नियमाप्रमाणे गाडीला ब्रेकच्या तेलाच्या दोन स्वतंत्र वाहिन्या असतात. एक फुटली तरी दुसरीनं गाडी थांबावी, हा हेतू. पण या दोन्ही वाहिन्यांना दाब देणारं पेडल मात्र एकच असतं. ते मोडलं की दोन्ही वाहिन्या शाबूत असून नसल्यासारख्या.

आमचं पेडल ॲल्युमिनियमच्या दहा मिलिमीटर जाड पट्टीतून कापलेलं होतं. शनिवारी आम्ही त्यावर वजनं लावून चाचणी घेतली. पेडल पास झालं, मी तक्त्यावर सही केली. रविवारी रात्री, मी घरी गेल्यावर, कुणीतरी त्या पेडलला बारा मिलिमीटरची पाच भोकं पाडली. दिसायलाही छान दिसत होती. सोमवारी सकाळी मी ती पाहिली. ‘‘सर, हलकं केलंय,’’ असं एकानं अभिमानानं सांगितलं. मी मान डोलावली. तपासणीचा कागद फाईलमध्ये होताच. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त ज्या पेडलवर सही केली होती, ते पेडल आता उरलं नव्हतं.

त्या दुपारी महाविद्यालयाच्या मागच्या मैदानात आमची कप्तान गाडी चालवत होती. तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, सांगलीकडची, गाडी सगळ्यांत नेटकी चालवणारी. वेग फार तर चाळीसचा असेल. वळणाआधी तिनं ब्रेक दाबला आणि पेडलचा वरचा तुकडा निखळून तिचा पाय पुढे गेला. पेडल मर्यादेबाहेर खाली गेलं तर इंजिन बंद करणारा एक स्विच नियमानुसार बसवलेला होता. पण तुकडाच सुटल्यावर तो स्विच दाबला जाणार कसा? गाडी काँक्रीट सोडून मुरमाच्या बांधावर आदळली. सांगाड्याला काही झालं नाही. कप्तानीचा घोटा मोडला.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील पहाटेच्या एसटीनं आले. ते चिडले नाहीत, आवाजही चढवला नाही. रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्यांनी मला एवढंच विचारलं, ‘‘सर, गाडी तुम्ही बघितली होती ना?’’ मी म्हणालो, ‘‘सही माझीच आहे.’’ यापेक्षा प्रामाणिक उत्तर माझ्यापाशी नव्हतं. त्या वर्षी आम्ही स्पर्धेला गेलो नाही.

नंतर मी तो मोडका तुकडा टेबलावर ठेवून मुलांबरोबर बसलो. भोक पाडणं हा काही गुन्हा नाही. विमानाच्या आतले भागही भोकं पाडून हलके केलेले असतात. प्रश्न भोक कुठं पाडलं, हा आहे. उसाचं कांडं गुडघ्यावर ठेवून मोडताना ते गुडघ्यापाशी मोडतं, हातापाशी नाही, कारण वाकवणारा जोर गुडघ्यापाशी सगळ्यात जास्त असतो. पेडलमध्ये हा गुडघा म्हणजे जिथं ब्रेकची दांडी जोडलेली असते ती जागा. शिवाय वाकणाऱ्या पट्टीच्या मध्यरेषेवर ताण जवळजवळ नसतो, तो कडांवर असतो. म्हणून मध्यरेषेवर, टोकाकडे पाडलेली चार भोकं निभावून गेली. पाचवं नेमकं गुडघ्यापाशी आणि कडेकडे सरकलेलं होतं. मग आम्ही हिशेब मांडला. पाच भोकांनी मिळून वाचलं होतं साधारण पंधरा ग्रॅम. तीन चमचे साखर. १७ किलोंचं ओझं भरीव धुरा आणि गरजेपेक्षा जाड नळ्यांमध्ये होतं, तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं, कारण तिथं पुन्हा गणित करावं लागलं असतं. ड्रिल उचलणं सोपं होतं.

त्यानंतर आम्ही एक साधी पद्धत घातली. चाचणीत पास झालेल्या भागावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. त्या भागाला नंतर कानस जरी लागली तरी ठिपका पुसायचा आणि चाचणी पुन्हा घ्यायची. आणि मी सही टेबलावर बसून नाही, तर गाडीपाशी उभं राहून, तो भाग हातात घेऊन करायची. पुढच्या वर्षी पेडलच्या चाचणीला वजनं लावायला कप्तान स्वतः आली. थोडी लंगडत होती. तिनं २०० किलो झाल्यावर आणखी दहा किलोंचं एक वजन चढवलं, मग ठिपका दिला.

या गोष्टीकडे मी आता थोडं लांबून बघतो, तेव्हा एक लक्षात येतं. शर्यतीत उतरलेला माणूस आपणहून वजन वाढवत नाही. मीच का वाढवू, शेजारचा तर वाढवत नाही, असं प्रत्येकाला वाटतं. म्हणूनच नियमांची वही लागते. १९८१ साली मॅकलरेननं कार्बन फायबरचं अंग असलेली गाडी आणली, तेव्हा मजबुती आणि हलकेपणा एकत्र मिळाले म्हणून ती सगळ्यांनी उचलली. पण नुसतंच वजन वाढवणारी सुरक्षितता नियमानंच आणावी लागते. २००९ मध्ये ब्रँड्स हॅचला फॉर्म्युला टूच्या शर्यतीत दुसऱ्या गाडीचं सुटलेलं चाक डोक्याला लागून हेन्री सर्टीझ हा अठरा वर्षांचा मुलगा गेला. उघड्या चाकांच्या गाडीत डोकंही उघडंच असतं. २०१८ पासून फॉर्म्युला वनमध्ये ड्रायव्हरच्या डोक्याभोवती टायटॅनियमची एक कमान सक्तीची झाली. तिला ‘हेलो’ म्हणतात. वजन सुमारे सात किलो, आणि तिनं बारा टनांच्या आसपास भार सोसायचा. गाडीचं रूप बिघडलं म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. विरोध करणाऱ्यांत रोमाँ ग्रोजाँ हा फ्रेंच ड्रायव्हरही होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनला त्याची गाडी कठडा भेदून गेली, दोन तुकडे झाले, पेट घेतला. कठड्याचा पत्रा त्या कमानीनं डोक्यापासून दूर ठेवला. अर्ध्या मिनिटाच्या आत ग्रोजाँ आपल्या पायांनी आगीतून बाहेर आला. हात भाजले होते. या कमानीनं आपल्याला वाचवलं, हे त्यानं नंतर मोकळेपणानं सांगितलं.

आमच्या विद्यार्थ्यांच्या वहीतही अशी कलमं आहेत. डोक्यामागे पोलादी कमान हवी, नाकात आघात शोषणारा ठोकळा हवा, पूर्ण पट्टे बांधलेल्या ड्रायव्हरला पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. गाडी ६० अंशांत कलती करून बघतात. इंजिनाला हवा फक्त वीस मिलिमीटरच्या भोकातून घ्यायची, ज्यात अंगठा जेमतेम जाईल. त्या भोकात हवा आवाजाच्या वेगाला पोचली की त्याहून जास्त हवा आत जाऊच शकत नाही, म्हणजे इंजिनाची ताकद आपोआप आटोक्यात राहते. शेवटी गाडी पळवून जोरात ब्रेक दाबायचा आणि चारही चाकं एकदम जाम व्हायला हवीत. हे झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत. एकूण हजार गुणांपैकी जवळजवळ एक तृतीयांश गुण तर गाडी उभी असतानाच मिळतात. रचना का अशी केली, खर्च कसा बसवला, हे परीक्षकांना समजावून सांगण्याचे ते गुण. मुलांना सुरुवातीला यात काही मजा वाटत नाही. मजा पळण्यात असते, हे मान्य आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची मुलं अशी गाडी बनवत असतील. रात्री दोनला घरी येतात, कपड्यांना ऑइलचा वास येतो, परीक्षेकडे दुर्लक्ष होतं म्हणून तुम्ही काळजीत असाल. रागावू नका. पुस्तकातलं यंत्रशास्त्र त्यांना तिथं हाताला लागतं. एखाद्या संध्याकाळी वर्कशॉपमध्ये जाऊन गाडी बघून या. मुलगा किंवा मुलगी वेग सांगेल, इंजिन दाखवेल, ते कौतुकानं ऐका. मग एकच विचारा : ब्रेकचं पेडल कुणी तपासलं, आणि तपासल्यावर त्याला कुणी हात लावलाय का?